विजेच्या नौका आणि आपले धक्के

राज्याच्या जलवाहतुकीसंबंधी गेल्या काही वर्षांत ज्या योजना जाहीर झाल्या, त्यांत विद्युत नौकांचा उल्लेख नसलेली योजना आता क्वचितच आढळते. आणि डिझेलच्या काळ्या धुराने व इंजिनाच्या अखंड धडधडीने ज्यांचा प्रवास आजवर व्यापून टाकलेला आहे, त्या भाऊच्या धक्क्यावरच्या, मोऱ्याच्या, रेवसच्या आणि मांडव्याच्या उतारूंना या उल्लेखाने आशा वाटावी हे स्वाभाविकच आहे. मलाही ती वाटते. परंतु या योजनांची वर्णने वाचताना एक गोष्ट मनाला सतत खटकते. नौकेची लांबी, तिची आसने, तिचा वेग आणि तिची किंमत यांचा तपशील त्यांत भरपूर असतो. मात्र ती नौका ज्या धक्क्याला लागणार, तेथे वीज किती उपलब्ध आहे, ती वाढवून कोणी आणावयाची, तिचा आकार कोणी भरावयाचा आणि ओहोटीच्या वेळी नौका तीन-चार मीटर खाली उतरली म्हणजे तारेची जोडणी कशी व्हावयाची, याविषयी फारच थोडे लिहिलेले असते. विद्युत नौकेचे अर्धे यंत्र पाण्यावर तरंगते आणि अर्धे किनाऱ्यावर उभे असते. त्यातील किनाऱ्यावरचे अर्धे आधी सिद्ध झाले नाही, तर पाण्यावरचे अर्धे कितीही उत्तम असले तरी ते धक्क्याला बांधून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही.

विजेवर नाव चालविण्याची कल्पना तशी जुनी आहे. रशियात नेवा नदीवर मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ साली विद्युत्घटांच्या बळावर डझनभर माणसांसह नाव चालवून दाखविली. १८८१ साली गुस्ताव त्रुवे याने पॅरिसच्या सेन नदीत तोच प्रयोग अधिक सफाईने केला. आणि बव्हेरियातील कोनिग्झे या पर्वतवेष्टित सरोवरावर तर १९०९ पासून प्रवाशांची ने-आण विजेच्या नौकाच करीत आल्या आहेत. असे असूनही समुद्रावरचे राज्य प्रथम वाफेकडे आणि पुढे डिझेलकडे गेले, याचे कारण ऊर्जेच्या वजनात आहे. एक किलो डिझेलमध्ये जितकी ऊर्जा सामावते, तितकी साठवावयाची तर आजच्या जहाजी बॅटरीचे सुमारे शंभर किलो वजन वाहावे लागते. विजेची मोटार डिझेल इंजिनाच्या दुपटीहून अधिक कार्यक्षम असल्याने प्रत्यक्षातली तफावत पुष्कळ कमी होते हे खरे, तथापि अरबी समुद्र ओलांडून जाणाऱ्या जहाजाला ती उरलेली तफावतही असह्य ठरेल. मात्र जी नौका त्याच दोन काठांमध्ये, त्याच वेळापत्रकाने, दिवसातून वीस-तीस वेळा जाते-येते आणि प्रत्येक खेपेनंतर काही मिनिटे स्थिर उभी राहते, तिला फार मोठा साठा बरोबर वाहण्याची गरजच नसते. तिला हवी असते ती दोन्ही काठांवर तिची वाट पाहत असलेली वीज.

हे तत्त्व ज्या एका ठिकाणी पूर्णपणे सिद्ध झाले, त्याची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर सोग्नेफ्योर्ड ही खाडी देशाच्या अंतर्भागात दोनशे किलोमीटरहून अधिक आत शिरलेली आहे, आणि किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारा ई-३९ हा महामार्ग तिच्या काठी येऊन लाविक आणि ओप्पेदाल या दोन लहानशा गावांच्या दरम्यान अक्षरशः पाण्यावरून पुढे जातो. येथे रस्त्याचे काम फेरीबोट करते. या मार्गावर २०१५ साली ‘अँपिअर’ ही नौका चालू झाली. मोटारी वाहून नेणारी ही पूर्णतः बॅटरीवर चालणारी जगातील पहिली मोठी फेरीबोट म्हणून ओळखली जाते. एका वेळी १२० मोटारी आणि ३६० प्रवासी घेऊन ती ५.७ किलोमीटरचे अंतर सुमारे वीस मिनिटांत तोडते, दिवसाला ३४ खेपा करते, आणि प्रत्येक काठावर उतारू चढेपर्यंत व उतरेपर्यंत जी दहा मिनिटे मिळतात त्यांत पुढच्या खेपेपुरती वीज भरून घेते. तिच्या पोटातील बॅटरीत सुमारे एक हजार युनिट वीज मावते. म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाला काही महिने पुरावी इतकी. वजन वाचविण्यासाठी तिचे अंग ॲल्युमिनियमचे आणि पाण्याचा अवरोध कमी व्हावा म्हणून तिचा तळ दोन सडपातळ भागांचा, जोडनावेसारखा केलेला आहे. तिच्यामुळे वर्षाला सुमारे दहा लाख लिटर डिझेल वाचते, असा हिशेब तिच्या कर्त्यांनी मांडला होता.

परंतु खरी बुद्धिमत्ता नौकेत जितकी आहे तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्या दोन धक्क्यांवर आहे. दहा मिनिटांत दीडदोनशे युनिट वीज नौकेत ओतावयाची म्हणजे तेवढा वेळ सुमारे एक मेगावॉट शक्ती एका तारेतून वाहिली पाहिजे. आणि लाविकसारख्या डोंगरकाठच्या खेड्याला पुरविली जाणारी वीज एवढा एकाएकी येणारा भार सोसू शकत नाही. नवे उपकेंद्र आणि दूरवरून नव्या वाहिन्या आणावयाच्या तर खर्च अवाच्या सवा झाला असता. तेव्हा नौकेच्या कर्त्यांनी दोन्ही धक्क्यांवर स्वतंत्र बॅटरी बसविल्या. नळाच्या बारीक धारेने दिवसभर भरत राहणारा रांजण जसा पाहुण्यांची पंगत उठताच एकदम रिता करता येतो, तशा या किनाऱ्यावरच्या बॅटरी नौका समोरच्या काठावर गेलेली असताना गावाच्या जाळ्यातून हळूहळू भरतात आणि ती परत येताच साठविलेली वीज थोड्या मिनिटांत तिच्या स्वाधीन करतात. त्यांनी दुसरीही एक तजवीज केली. एरव्ही फेरीबोट धक्क्याला लागली की ती जागच्या जागी राहावी म्हणून तिचे पंखे सतत फिरवून तिला धक्क्यावर रेटून धरावे लागते, आणि नुसते उभे राहण्यात इंधन जळते. येथे निर्वात चकत्या असलेला यांत्रिक बाहू धक्क्यावरून पुढे येऊन नौकेला पकडून धरतो, त्यामुळे मोटारी बंद ठेवता येतात आणि हवी ती वीज फक्त आत येते, बाहेर जात नाही.

हे सर्व एखाद्या धाडसी कारखानदाराच्या लहरीतून झाले, असे समजण्याचे कारण नाही. नॉर्वेच्या सार्वजनिक रस्ते खात्याने २०१० साली या मार्गासाठी जी स्पर्धा लावली, तिच्यात पर्यावरणाच्या दृष्टीने कमीत कमी हानी करणाऱ्या फेरीबोटीची मागणी होती आणि जिंकणाऱ्याला मार्ग दीर्घ मुदतीसाठी मिळणार होता. दीर्घ मुदतीचा मक्ता मिळणार म्हणूनच मक्तेदाराने भांडवल घालण्याचे साहस केले. पुढे २०१५ मध्ये त्या देशाच्या संसदेने फेरीसेवांच्या सर्व नव्या निविदांत शून्य किंवा अल्प उत्सर्जनाची अट घालावी असा आग्रह धरला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तेथे विजेच्या फेरीबोटी डझनांनी उभ्या राहिल्या. २०२१ साली मोस आणि होर्टेन या गावांदरम्यान चालू झालेली १३९ मीटर लांबीची, दोनशे मोटारी नेणारी ‘बास्तो इलेक्ट्रिक’ ही त्यांतलीच. शासनाने नौका विकत घेतल्या नाहीत. त्याने अट लिहिली, मुदत दिली आणि किनाऱ्याकडे लक्ष पुरविले.

किनाऱ्यावर जे वाचवावे ते नौकेवर खर्च करावे लागते, याचे उदाहरण डेन्मार्कमध्ये सापडते. एरो बेटावरच्या स्यूबी बंदरातून समोरच्या फिन्सहाव्हला जाणारी ‘एलेन’ ही २०१९ साली चालू झालेली फेरीबोट फक्त आपल्या घरच्या, स्यूबीच्या धक्क्यावरच वीज भरते. त्यामुळे जाऊन-येऊन २२ सागरी मैलांचा प्रवास एकाच भरणीवर करता यावा म्हणून तिच्यावर ४३०० युनिटांची, म्हणजे ‘अँपिअर’च्या चौपट बॅटरी चढवावी लागली. मार्ग लांबचा होता आणि त्या लोकांनी समजून-उमजून तो पर्याय स्वीकारला, तेव्हा त्यात दोष काढण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या काठावर सोय नसली म्हणजे तिची किंमत वजनाच्या रूपाने प्रत्येक खेपेला मोजावी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते. उलट स्वीडनचे हेल्सिंगबोर्ग आणि डेन्मार्कचे हेल्सिंगोर यांमधील अवघ्या चार किलोमीटरांच्या सामुद्रधुनीत, १९९१ साली बांधलेल्या ‘टायको ब्राहे’सारख्या जुन्या जहाजावर बॅटरी बसवून त्याला नवे आयुष्य देण्यात आले, आणि तेथे धक्क्यावरच्या मनोऱ्यातील यंत्रमानवी बाहू नौका येताच स्वतः तिच्याशी तारेची जोडणी करतो. जुन्या जहाजाला नवी शक्ती देता येते, ही गोष्ट आपल्यासारख्या गरीब बंदरांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

हे सारे थंड आणि श्रीमंत देशांचे कौतुक झाले, असे कोणी म्हणेल तर त्याला मी कोचीचा रस्ता दाखवीन. केरळात वेंबनाड सरोवरावर वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही सौरशक्तीवर चालणारी ७५ प्रवाशांची नौका जानेवारी २०१७ पासून सरकारी जलवाहतूक खात्याच्या सेवेत आहे, आणि तिच्या यशाने जो विश्वास निर्माण झाला त्याच्या पाठोपाठ २५ एप्रिल २०२३ रोजी कोचीच्या वॉटर मेट्रोचे उद्घाटन झाले. दहा बेटे, ३८ स्थानके आणि ७८ नौका असा त्या योजनेचा मूळ आराखडा आहे. नौका कोचीन शिपयार्ड या सरकारी गोदीत बांधलेल्या आहेत. त्यांच्यात लिथियम टायटॅनेट जातीची बॅटरी योजलेली आहे. ती वजनाने जड आणि किमतीने महाग असते, परंतु दहा-पंधरा मिनिटांत भरून घेण्याचा ताण ती वर्षानुवर्षे सहन करते, आणि दिवसातून अनेकदा घाईने वीज घेणाऱ्या नौकेला हाच गुण सर्वाधिक मोलाचा. अडचणीच्या प्रसंगासाठी नौकेवर डिझेलचे जनित्रही ठेवलेले आहे, आणि ते मला शहाणपणाचे वाटते. मात्र कोचीत ज्या गोष्टीने माझे मन जिंकले ती म्हणजे तेथील तरंगते धक्के. पाणी चढो वा उतरो, धक्का पाण्याबरोबर चढतो-उतरतो. नौकेची कड आणि धक्क्याची कड समपातळीत राहते. त्यामुळे चाकाच्या खुर्चीतील अपंग प्रवासीही कोणाचा हात न धरता नौकेत जातो आणि विजेची तारही ताणली जात नाही. प्रवाशाच्या सोयीसाठी जे केले तेच विजेच्याही सोयीचे ठरले.

आता आपल्याकडे पाहू. कोकणाने एके काळी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींचा जो काळ पाहिला, त्याच्या आठवणी अजून घराघरांतून सांगितल्या जातात. त्या आठवणींत आगबोटीइतकाच पडावाचाही उल्लेख असतो. कारण बहुतेक बंदरांत आगबोट लागेल असा धक्काच नव्हता. ती दूर समुद्रात नांगर टाकून उभी राही आणि बायका-मुले, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सारे पडावात घालून, लाटांवर हेलकावत, तिच्या कडेला नेऊन वर चढवावे लागे. नौका चांगली आणि किनारा दुबळा, ही आपली परंपरागत अवस्था आहे. आजही गेटवेपाशी लाँच एकीला एक लागून उभ्या राहतात आणि उतारूंनी एका लाँचवरून दुसरीवर उडी मारीत किनारा गाठावयाचा, असा शिरस्ता आहे. या व्यवस्थेत बाहेरच्या लाँचपर्यंत विजेची तार पोहोचवावयाची कशी, याचे उत्तर नौकेची किंमत ठरविणाऱ्यांनी आधी दिले पाहिजे.

त्यातही आमच्या समुद्राचा स्वभाव वेगळा. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती आणि ओहोटी यांमधील अंतर पाच मीटरांच्या आसपास जाते. कोचीत ते जेमतेम एक मीटर असते आणि हेल्सिंगबोर्गला तर नगण्य. तेव्हा कोचीचा किंवा युरोपचा धक्का जसाच्या तसा उचलून येथे बसविता येणार नाही. आमच्या खाड्यांमधील फेरीबोटी ज्या उतरत्या काँक्रिटी फरशीला आपली झडप टेकवितात, तिच्यावर नौका टेकण्याची जागाच भरती-ओहोटीनुसार पुढे-मागे सरकते. त्यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. उंच खांबांना गुंतवलेला तरंगता धक्का किंवा उतारालगत रुळावर सरकणारा वीजस्तंभ हे दोन्ही अभियांत्रिकीच्या आवाक्यातले आहेत. परंतु ते या किनाऱ्यासाठी मुद्दाम आखावे लागतील, खाऱ्या वाऱ्यात गंजणार नाहीत असे करावे लागतील, आणि त्यासाठी वेळ व पैसा आधी राखून ठेवावा लागेल.

लाभ मात्र कोणाला आणि कोठे होईल हे सांगण्यास फार विचार करावा लागत नाही. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला, आगरदांडा–दिघी हे मोटारी नेणारे आमचे खाडीमार्ग दहा-पंधरा मिनिटांचे आहेत. दापोलीच्या माणसाला गुहागरास जावयाचे तर चिपळूणचा मोठा वळसा वाचविणारी दाभोळ–धोपावे ही सेवा, लाविक–ओप्पेदालप्रमाणेच, वस्तुतः रस्त्याचा एक तुकडा आहे. अंतर कमी, वेळापत्रक निश्चित, दोन्ही काठ ठरलेले आणि पाणी खाडीचे, म्हणजे खुल्या समुद्रापेक्षा शांत. बॅटरीवरच्या फेरीबोटीसाठी याहून योग्य मार्ग शोधूनही सापडणार नाही; आणि तरीही आमच्याकडे चर्चा चालते ती बहुधा मुंबईच्या वेगवान, काचेच्या खिडक्यांच्या वातानुकूलित नौकांची. वेग हा बॅटरीचा शत्रू आहे. साधारण बांधणीच्या नौकेचा वेग दुप्पट करावयाचा तर तिला लागणारी शक्ती दुपटीने न वाढता काही पटींनी वाढते, हे ज्याला ठाऊक आहे तो आरंभ वेगापासून करणार नाही.

मुंबईतच आरंभ करावयाचा असेल तर घारापुरीपासून करावा. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे नियमित विजेवाचून काढल्यावर, फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलने महावितरणची वीज त्या बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही गावांना मिळाली. त्या दिवशी तेथील माणसांच्या आयुष्यात जे घडले त्याचे मोल आकड्यांत करता येणार नाही. पण लेण्यांकडे जाणाऱ्या लाँच आजही डिझेलचा धूर सोडीत जातात. वीज बेटापर्यंत पोहोचली. तिला धक्क्यापर्यंत नेणे आणि तेथे लाविकसारखी किनारी बॅटरी बसविणे एवढेच आता उरले आहे. अडचण आहे ती अधिकारांच्या वाटणीची. गेटवेचा किनारा ज्या शहरात आहे तेथे वीज पुरविते बेस्ट, बेट रायगड जिल्ह्यात आणि तेथली वीज महावितरणची. मुंबई बंदराचे प्राधिकरण केंद्र सरकारचे, तर किनाऱ्यावरच्या लहान बंदरांसाठी १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड राज्याचे. एकाच तासाभराच्या प्रवासाच्या दोन टोकांवर इतकी दफ्तरे बसलेली असताना सर्वांना एका मेजाभोवती बसविण्याची जबाबदारी कोणा एकावर स्पष्ट शब्दांत सोपविली नाही, तर अर्ज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहतील.

आक्षेप आहेत, आणि ते हलके लेखता येत नाहीत. नॉर्वेची वीज बहुतांशी जलविद्युत आहे. आमची अजून मोठ्या अंशाने कोळशाची. तेव्हा धूर नौकेतून नाहीसा होऊन चंद्रपूरच्या चिमणीतून बाहेर पडेल, असे म्हणणाऱ्याला खोटे ठरविता येत नाही. तथापि जुन्या लाँचच्या इंजिनात जळणाऱ्या तेलाचा फारच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. तिच्या तळात साचलेले तेलकट पाणी खाडीत, कोळ्यांच्या जाळ्यांत आणि कालवांच्या खडपांवर जाते. आणि तिचा धूर सरळ उतारूंच्या व खलाशांच्या छातीत जातो. ही हानी विजेने थांबते, आणि सौरशक्तीचा वाटा जसजसा वाढेल तसतशी तीच नौका, काहीही न बदलता, अधिक निर्मळ होत जाईल. दुसरा आक्षेप आगीचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्याच ‘युत्तेरोयनिंगेन’ या फेरीबोटीवर बॅटरीच्या खोलीत आग लागली आणि दुसऱ्या दिवशी तेथे साचलेल्या वायूंचा स्फोट होऊन अग्निशामक दलाच्या लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या देशाने त्यावरून नियम कडक केले, नौका बंद केल्या नाहीत. आमच्याकडे मात्र तांडेल, खलाशी आणि बंदरावरचे अग्निशामक यांना नौका येण्यापूर्वी हे शिक्षण मिळाले पाहिजे. नौका आल्यानंतर देऊ, असे म्हणून चालणार नाही.

सर्वांत कठीण प्रश्न पैशाचा, आणि तेथे माझे मत निश्चित आहे. आमच्या बंदरातली पुष्कळशी वाहतूक लाँचमालकांच्या सहकारी संस्था चालवितात. एकेक लाँच हे एकेका कुटुंबाचे भांडवल असते. त्यांना नौकाही तुम्हीच घ्या, बॅटरीही तुम्हीच घ्या आणि धक्क्यावरचे रोहित्रही तुम्हीच बसवा असे सांगितले, तर ते मोडून पडतील आणि त्यांची जागा एखादा मोठा मक्तेदार घेईल. म्हणून धक्का, रोहित्र, किनारी बॅटरी आणि जोडणीचे यंत्र हे सर्व रस्त्यासारखे सार्वजनिक मानून शासनाने बांधावे, आणि मालकाने फक्त आपल्या नौकेची व ओढलेल्या युनिटांची चिंता वाहावी. वीजदराचाही विचार येथेच झाला पाहिजे. मोठ्या ग्राहकाच्या बिलात युनिटांच्या किमतीखेरीज कमाल मागणीचा आकार असतो. दहा मिनिटांच्या मोठ्या भाराने तो महिनाभराचा डोईजड होऊ शकतो, आणि किनारी बॅटरीचा हा आणखी एक उपयोग की ती हा भार विभागून देते. रस्त्यावरच्या विद्युत वाहनांच्या चार्जिंग केंद्रांसाठी राज्याच्या वीज नियामक आयोगाने स्वतंत्र वर्ग केलेला आहे. धक्क्यावरच्या केंद्रालाही तोच दर लागू आहे, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहून टाकावे. पावसाळ्यात गेटवे–मांडवा यांसारख्या मार्गांवरची लाँचसेवा बंद असते, त्या महिन्यांत ही किनारी बॅटरी निष्क्रिय पडू नये. संध्याकाळच्या मागणीच्या वेळी तिने गावाला वीज परत द्यावी आणि तिचा मोबदला तिच्याच देखभालीच्या खात्यावर जमा व्हावा.

येत्या अर्थसंकल्पात नौकांच्या खरेदीसाठी जी तरतूद होईल, तिच्या आधीच्या ओळीवर धक्क्यांच्या विद्युतीकरणाची तरतूद असावी, आणि ती खर्ची पडल्याचा दाखला मिळाल्याखेरीज नौकेची निविदा निघू नये. खाडीमार्गांच्या मक्त्यांची मुदत जेव्हा नव्याने ठरेल, तेव्हा ती किमान दहा वर्षांची असावी आणि तिच्यात बॅटरीची अट टप्प्याटप्प्याने, तारीखवार घातलेली असावी, म्हणजे आज मक्ता चालविणाऱ्याला उद्याची नौका बांधण्यास कर्ज मिळू शकेल. दाभोळ आणि धोपावे या दोन धक्क्यांची, तेथील भरतीच्या नोंदींची आणि जवळच्या उपकेंद्राच्या क्षमतेची पाहणी याच वर्षी, पावसाळा संपताच, सुरू करण्यास कोणत्याही खात्याच्या नव्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.